आधी वर्कलोडचा तक्ता

प्रिय मॅडम,

(तुझे विद्यार्थी आता तुला असंच म्हणतात, म्हणून मीही एकदा म्हणून घेतलं. पुढे 'तू'च.)

अनेक आशीर्वाद. पत्र मिळालं, सोबतची पीपीटीही पाहिली. कॉलेजला स्वायत्तता मिळाली, नवं शैक्षणिक धोरण राबवायचं आहे आणि दोन्हींची समन्वयक तू. वय पस्तिशीच्या आत, हाताखाली कुणी नाही, सही प्राचार्यांची आणि बोलणी तुला. हे पद सहसा असंच मिळतं. ज्येष्ठांपैकी कुणाला नको असतं म्हणून तर तरुणांकडे येतं. पण आलंच आहे, तर त्याचं काय करता येईल ते पाहू.

तू विचारलंस, जुन्या लोकांची मानसिकता कशी बदलायची. माझं ऐकशील तर मानसिकतेच्या फंदात पडूच नकोस. मुंबई विद्यापीठाच्या कॉलेजांतल्या प्राध्यापकाने नोकरीत लेखी परीक्षा आणि अंतर्गत गुण यांचं 60:40 पाहिलं, 75:25 पाहिलं, अंतर्गत गुण गेलेले पाहिले आणि परत आलेलेही पाहिले. दर वेळी कुणीतरी व्यासपीठावरून हे क्रांतिकारक आहे म्हणून सांगितलं. तो माणूस तुझ्या सादरीकरणात हाताची घडी घालून बसला, तर त्याला आळशी समजू नकोस. नव्याचे नऊ दिवस त्याने मोजून पाहिलेले आहेत.

त्याच्या डोक्यात त्या वेळी एकच हिशोब चाललेला असतो, आणि तो तुझ्या पीपीटीत कुठेच नाही. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे सत्रात 15 तास. म्हणजे 4 क्रेडिटचा पेपर आठवड्याला 4 तासांचा. सहायक प्राध्यापकाला यूजीसीच्या नियमानुसार आठवड्याला 16 तास हवेत. एखाद्या विभागाचे असे दोन पेपर कमी झाले की 8 तास गेले, म्हणजे अर्धी जागा गेली. अनुदानित कॉलेजात जागा वर्कलोडवर, म्हणजे शिकवण्याच्या तासांवर, टिकते. उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालयात वर्कलोडची तपासणी झाली आणि तास भरले नाहीत, तर माणूस 'अतिरिक्त' ठरतो, किंवा निवृत्त झालेल्याची जागा पुन्हा भरली जात नाही. बैठकीत हे कुणी बोलून दाखवत नाही. तिथे ऐकू येतं ते 'विषयाचा पाया कच्चा राहील', 'मुलांचं नुकसान होईल'. ते खोटं असतं असंही नाही. पण पोटात गोळा येतो तो त्या 8 तासांमुळे.

म्हणून पहिल्या महिन्यात एकही सर्वसाधारण बैठक घेऊ नकोस. एक्सेलमध्ये प्रत्येक विभागाचा वर्कलोडचा तक्ता कर: या वर्षीचे तास, पुढच्या वर्षीचे, त्याच्या पुढच्या आणि तिसऱ्या वर्षीचे. पुढच्या तीन वर्षांचे का? कारण हा बदल पायरीपायरीने येतो. पहिल्या वर्षी फक्त एफवाय नवं असतं, एसवाय-टीवाय जुन्याच पॅटर्नवर चालतं, त्यामुळे सगळं छान दिसतं. खड्डा तिसऱ्या वर्षी पडतो. तेव्हा ज्यांच्यावर पडतो ते म्हणतात, आम्हाला कुणी सांगितलं नाही. आणि ते खरं असतं.

तो तक्ता घेऊन एकेका विभागप्रमुखाकडे जा. त्यांना तुझ्या केबिनमध्ये बोलावू नकोस, त्यांच्या विभागात जा, चहा त्यांच्याकडचा घे. समज, हिंदी विभाग आहे, दोन जागा, 32 तास. नव्या रचनेत तिसऱ्या वर्षी 24 तास उरतात, असं आकडा सांगतो. तो कागद आधी त्यांच्या हातात दे आणि गप्प बस. पहिली दहा मिनिटं ऐकून घ्यावं लागेल. मग ओपन इलेक्टिव्हचा, म्हणजे मुलांनी निवडायच्या ऐच्छिक पेपरचा, विषय काढ. शासनाच्या रचनेत ओपन इलेक्टिव्ह मुख्य विषयाच्या विद्याशाखेबाहेरचंच घ्यावं लागतं. म्हणजे विज्ञान आणि वाणिज्यच्या मुलांना कुठल्यातरी विभागाकडे यावंच लागणार. अनुवाद, जाहिरातलेखन, रेडिओसाठी लेखन, असं 2 क्रेडिटचं काही या विभागाने उभं केलं आणि त्याच्या चार तुकड्या भरल्या, तर गेलेले 8 तास परत येतात. हे विभागप्रमुखांनी स्वतः कागदावर मांडलं पाहिजे, तू नाही. ज्या दिवशी ते तुला फोन करून विचारतील, 'मॅडम, पाचवी तुकडी काढता येईल का?', त्या दिवसापासून त्यांच्या मानसिकतेची काळजी सोडून दे.

प्रत्येक विभागात हे जमेलच असं नाही. काही विषयांचे तास खरोखरच जातील. तिथे खोटा दिलासा देऊ नकोस. 'बघू, काहीतरी करू' हे वाक्य कॉलेजांत फार स्वस्त झालं आहे. जे जाणार ते जाणार म्हणून सांग, आणि त्या माणसाला निवृत्तीपर्यंत किती वर्षं आहेत, तोवर त्याचे तास कशातून भरता येतील, एवढं प्राचार्यांकडून लेखी घेऊन दे. प्राध्यापक संघटनेच्या स्थानिक प्रतिनिधीलाही हाच तक्ता आधी दाखव. तो तुझा विरोधक आहे असं तुला सांगितलं गेलं असेल. सगळ्यांचे तास पाठ असलेला माणूस कॉलेजात बहुधा तोच असतो.

आता वेळापत्रक. विद्याशाखेबाहेरचा विषय घ्यायचा, तर तिन्ही शाखांना एक सामायिक वेळ लागते. तुमच्याकडे कला-वाणिज्य सकाळी, विज्ञानाची प्रॅक्टिकल्स दुपारभर. सामायिक वेळ काढायची म्हटली की ती दुपारच्या टोकाला जाते. आणि आपल्या तालुक्याच्या ठिकाणी मुलांचं वेळापत्रक प्राचार्य ठरवत नाहीत, एसटीचा डेपो ठरवतो. दुपारची शेवटची सोयीची गाडी साडेतीनची असेल, तर चारच्या वर्गात शहरात राहणारी मुलं तेवढी बसतील आणि खेड्यावरच्या मुली पहिल्या आठवड्यातच गळतील. मग कुणीतरी अहवालात लिहील की विद्यार्थ्यांचा ओपन इलेक्टिव्हला प्रतिसाद नाही. विषयांची बास्केट ठरवण्याआधी एकदा स्टँडवर जाऊन गाड्यांच्या वेळा लिहून आण. हे काम कुठल्याही समितीवर सोपवू नकोस.

त्यातच घंटेचा प्रश्न आहे. आपल्याकडे तासिका 48 मिनिटांची. आठवड्याला 20 तासिका म्हणजे बरोबर 16 तास, त्यावर सगळी घडी बसलेली. क्रेडिटचा तास मात्र 60 मिनिटांचा. 4 क्रेडिटच्या पेपरला सत्रात 60 तास हवेत आणि 48 मिनिटांच्या चार तासिका 15 आठवडे घेतल्या तर भरतात 48. पेपरमागे 12 तासांची तूट. घंटा 60 मिनिटांची केली तर सहा तासिकांचा दिवस 4 तास 48 मिनिटांवरून 6 तासांवर जातो, आणि आपण परत साडेतीनच्या गाडीपाशी येतो. यावर प्रत्येक कॉलेज आपापली तोड काढतं, कुणी कागदावर, कुणी खरी. तुझ्या कॉलेजने जी काढायची ती पहिल्या सत्राआधी अकॅडेमिक कौन्सिलमध्ये मांडून लेखी ठरवून घे. नाहीतर पाच विभाग पाच हिशोब धरतील आणि नोव्हेंबरात ते तुझ्या टेबलावर येतील.

परीक्षा विभागाबद्दल तुझ्या पत्रात एक ओळही नाही. मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटते. स्वायत्त झालात म्हणजे पदवी विद्यापीठाची, पण प्रश्नपत्रिका, तपासणी, निकाल सगळं तुमचं. आजवर जे काम विद्यापीठ करत होतं, ते आता दोन लिपिकांच्या अंगावर येणार, आणि त्यातले एक प्रवेशाचंही पाहतात. मुलाने अपार आयडी (क्रेडिटच्या खात्याशी जोडलेला ओळख क्रमांक) चुकीचा भरला, आधारवर नाव वेगळं आणि दहावीच्या गुणपत्रिकेवर वेगळं, की त्याचे क्रेडिट जमा होत नाहीत. हे निस्तरणारा माणूस तुझ्या एकाही समितीवर नाही. त्याला घे. सन्माननीय सदस्य म्हणून नको, काम अडलं तर 'थांबा' म्हणण्याचा अधिकार देऊन घे.

2017 चं मुंबई विद्यापीठ आठवतं ना? तू तेव्हा नेट परीक्षेची तयारी करत होतीस बहुधा. ऑनस्क्रीन मूल्यांकन, म्हणजे उत्तरपत्रिका स्कॅन करून संगणकावर तपासायच्या. कल्पना वाईट नव्हती. गठ्ठे हरवणं, बेरजा चुकणं यावर चांगला उपाय होता. पण सगळ्या शाखांच्या लाखो उत्तरपत्रिकांसाठी तो एकाच हंगामात, परीक्षा तोंडावर आलेल्या असताना लागू केला. स्कॅनिंग रखडलं, प्राध्यापकांना पुरेसं प्रशिक्षण नव्हतं, उत्तरपत्रिकांचा मेळ लागेना. निकाल लावायला कायद्यात जास्तीत जास्त 45 दिवस आहेत. राज्यपालांनी 31 जुलैची मुदत घालून दिली, तीही टळली. परदेशी प्रवेश घेतलेली मुलं गुणपत्रिकेसाठी विद्यापीठाच्या कलिना संकुलात खेपा घालत राहिली. ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून हटवलं गेलं. त्यानंतर कितीतरी स्टाफरूममध्ये संगणकावर तपासणी म्हटलं की लोक हात वर करून मोकळे व्हायचे. घाईने राबवलेल्या सुधारणेची किंमत पुढची सुधारणा मोजते, म्हणून हे तुला सांगतो.

तेव्हा तुमच्या पहिल्या स्वायत्त परीक्षेत नवं सॉफ्टवेअर एकाच लहान विभागाला लाव. बाकीचे निकाल जुन्या पद्धतीने, हाताने का होईना, वेळेवर लाव. पहिला निकाल वेळेवर लागला की पालकांचा, गावाचा आणि संस्थेचा विश्वास बसतो. तो बसला नाही, तर अभ्यासक्रम कितीही सुंदर असो, कुणी पाहणार नाही.

संस्थाचालकांशी बोलताना तुझं धोरण त्यांच्या खर्चाच्या रकान्यात बसवून सांग. साहेबांना दूरदृष्टीची भाषणं भरपूर ऐकायला मिळतात, ते स्वतःही तीच करतात. त्यांना विचारायचं असतं की माणसं किती, पैसे किती, आणि तक्रार कुणाची येणार. महाविद्यालय विकास समिती 2016 च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याच्या कलम 97 मुळे आहे. तिच्यात निवडून आलेले शिक्षक असतात, शिक्षकेतर प्रतिनिधी असतो, विद्यार्थी परिषदेचेही असतात. बहुतेक ठिकाणी तिची बैठक म्हणजे चहा, समोसा आणि आधीच टाइप झालेलं इतिवृत्त. तू ती खरी घे. वर्षात चार बैठका व्हायला हव्यात. वर्कलोडचा तक्ता, घंटेचा निर्णय, परीक्षा विभागातली जागा, हे तिच्या इतिवृत्तात आलं पाहिजे. प्राचार्य बदलतात, त्यांची मुदतच पाच वर्षांची, आणि बऱ्याच ठिकाणी तर प्रभारींवरच चाललेलं असतं. नवे आले की विचारतील, हे कुणी ठरवलं? तेव्हा तुझ्या आठवणीचा उपयोग नाही. ठराव क्रमांक लागतो.

अभ्यास मंडळावर बाहेरचे तज्ज्ञ, उद्योगातला एक आणि माजी विद्यार्थी घ्यावा लागतो. माजी विद्यार्थी म्हणून कुणा यशस्वी माणसाला बोलावून सत्कार करण्याची आपल्याकडे हौस आहे. त्याऐवजी दोन-तीन वर्षांपूर्वी पास झालेला, अजून नोकरी शोधणारा एखादा बोलव. अभ्यासक्रमाबद्दल तो जे बोलेल ते गोड नसेल, पण इतिवृत्तात लिहून ठेवण्यासारखं असेल.

ऑन जॉब ट्रेनिंगबद्दल एवढंच: 4 क्रेडिट म्हणजे 120 तास, आणि इतिहासाच्या साठ मुलांना तालुक्यात कुठली कंपनी घेणार? बाजार समिती, पतसंस्था, नगरपालिकेचं दप्तर, ग्रंथालय इथे आत्तापासून बोलून ठेव. शिक्के मारून प्रमाणपत्रं देणारे स्वतःहून तुझ्याकडे येतील, त्यांना दारातूनच परत पाठव.

नॅकचं (कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेचं) नाव घेऊन कुणाकडून काम करून घेऊ नकोस. त्या धाकाने माणसं फायली तयार करतात, आणि मूल्यांकन संपलं की फायली कपाटात जातात.

सीएचबीवरच्या तरुणांचं राहिलंच. नवे पेपर, कौशल्याचे कोर्स, क्षेत्रभेटी, हे सगळं शेवटी तासिका तत्त्वावरच्या मुलामुलींच्या गळ्यात पडतं, कारण त्यांना नाही म्हणता येत नाही. त्यांना तासाचे पैसे मिळतात, समितीच्या कामाचे मिळत नाहीत. ज्या कामाचे पैसे देता येणार नाहीत ते त्यांना सांगू नकोस, निदान संस्थेकडून मानधनाचा ठराव होईपर्यंत तरी. तू स्वतः त्या रांगेत उभी होतीस, त्यामुळे जास्त सांगत नाही.

पीपीटी मी परत पाठवत नाही, ती उद्घाटनाला कामी येईल. तू मला वर्कलोडचा तक्ता पाठव. सगळे विभाग झाले नसतील तरी चालेल, हिंदी, भूगोल आणि गणित एवढे आधी. आणि परीक्षा विभागातल्या त्या दोघांपैकी प्रवेशाचं काम कुणाकडे आहे, ते कळव. जूनच्या आत ते काढून घेण्याबद्दल प्राचार्यांशी मीच एकदा बोलतो. ते माझ्याशी फोनवर अजून नीट बोलतात.

तुझे,
सर