व्हिडिओ कोर्स, ब्राउझरमधला सराव की लाइव्ह बॅच?

पायथन आणि एसक्यूएल शून्यापासून शिकायचंय, रोज तासभर मिळतो, तर या तिघांतलं काय निवडावं, असं तुम्ही विचारलंय. मी म्हणेन, सुरुवात ब्राउझरमधल्या सरावाने, म्हणजे वेबसाइटवरच कोड लिहून चालवून बघण्याने करा, पण दोन-तीन आठवड्यांत तिथून बाहेर पडा. पायथनमधले लूप आणि फंक्शन, एसक्यूएलमधलं ग्रुप बाय (ओळींचे गट करणं) अशा मूलभूत गोष्टींवर हात बसायला तो उत्तम, कारण चूक लगेच कळते. पण तिथे सगळं आधीच इन्स्टॉल केलेलं असतं. स्वतःच्या मशीनवर आलात की पहिली अडचण हमखास हीच: लायब्ररी (इतरांनी लिहून ठेवलेला तयार कोड) इन्स्टॉल झाली म्हणून संदेश येतो आणि प्रोग्राम चालवला की ती सापडत नाही, अशी एरर येते! बहुतेक वेळा मशीनवर दोन पायथन असतात, लायब्ररी एकात जाते आणि प्रोग्राम दुसऱ्यावर चालतो. म्हणून प्रत्येक प्रोजेक्टसाठी वेगळं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, म्हणजे त्या प्रोजेक्टपुरतं पायथन आणि लायब्ररींचा स्वतंत्र कप्पा, करा आणि ते चालू करूनच पुढचं इन्स्टॉल करा. हे कामात रोज लागतं.

व्हिडिओचा धोका वेगळा. शिकवणारा टाइप करतो, आपण मान डोलावतो आणि समजलं असं वाटतं. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र न बघता आठवून लिहिणारे पुढे गेले. तेव्हा धडा संपला की व्हिडिओ बंद करा, दुसऱ्या दिवशी कोरी फाइल उघडा आणि तोच प्रोग्राम न बघता लिहा. अडलात तर तेवढाच भाग परत बघा.

कोर्स घेण्याआधी तो कधी रेकॉर्ड झालाय ते जरूर बघा. उदाहरणार्थ, पांडाज या पायथनच्या डेटा हाताळायच्या लायब्ररीच्या २.० आवृत्तीत डेटाफ्रेमला (तिथल्या तक्त्याला) ओळी जोडायचं अपेंड काढून टाकलंय. जुन्या व्हिडिओत ते चालताना दिसेल, तुमच्याकडे एरर येईल. तिथे कॉन्कॅट वापरायचं. अशा वेळी अधिकृत डॉक्युमेंटेशन उघडायची सवय पहिल्या आठवड्यापासून लावा. थ्रीडी मॉडेलिंगसारखं हात कसा फिरतो ते बघावं लागणारं काम असेल तर गोष्ट वेगळी, तिथे व्हिडिओच बरा.

लाइव्ह बॅचचे पैसे खरं तर शिकवण्याचे नसतात, तुमचा कोड कुणीतरी वाचण्याचे असतात. फी भरण्याआधी विचारा: असाइनमेंट कोण तपासतं, किती दिवसांत, आणि ओळीओळीवर शेरे मिळतात की नुसते मार्क? नुसते मार्क मिळणार असतील तर ती बॅच लावू नका.