“चूक माझीच होती, ताई”

‘जखम भरून निघाली, पण हा घराबाहेर पडत नाही. भरपाईचं नाव काढलं की म्हणतो, चूक माझीच होती, कुठल्या तोंडाने मागू?’ मशीनमध्ये बोटं गमावलेल्या कामगारांच्या घरून मला हा प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. विचारणारी बहुतेक वेळा आई किंवा बायको असते. तो स्वतः गप्प असतो.

तीन वर्षांपूर्वी वडोदऱ्यात दांडिया बाजारातल्या एक काकू मुलाला घेऊन आल्या. वय एकोणतीस. मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे तिथल्या औद्योगिक वसाहतीत, पॉवर प्रेसवर (पत्रा दाबून आकार देणाऱ्या मशीनवर) कामाला. उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट मुळापासून गेलेलं. आल्यापासून हात खिशात. “गणपतीत आरतीला टाळ्या वाजवाव्या लागतील, म्हणून जिन्यात जाऊन उभा राहिला हो,” काकू म्हणाल्या.

पहिल्या दोन भेटींत मी अपघाताचा विषय काढलाच नाही. झोप, जेवण, मुलीची शाळा, एवढंच. तिसऱ्या भेटीत तोच बोलला. गेलेली बोटं रात्री आवळून धरल्यासारखी दुखत होती. डोकं फिरलं असं लोक म्हणतील, म्हणून सहा महिने त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. बोट जातं, पण मेंदूतली त्याची जागा लगेच पुसली जात नाही, म्हणून नसलेलं बोटही दुखतं, एवढं सांगितल्यावर तो ढसाढसा रडला. डॉक्टरांनी औषध दिलं. सोबत मेंदूतज्ज्ञ व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९९०च्या दशकात पुढे आणलेला आरशाचा उपाय केला: उजवा हात आरशामागे, डावा समोर, आणि डाव्याची मूठ सावकाश उघडायची. सगळ्यांनाच याचा गुण येतो असं नाही. त्याला आला, थोडा.

खरी गाठ पुढेच होती. कसली चूक, मी विचारलं. “डायमध्ये, साच्यात, अडकलेला पत्रा हाताने काढायला गेलो.” त्या प्रेसला दोन बटणं होती. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच प्रेस खाली यायची, म्हणजे हात आपोआप लांब राहायचे. पण माल भरभर निघावा म्हणून एक बटण दाबून बांधून ठेवलेलं होतं. कुणी बांधलं? “मी लागलो तेव्हापासून तसंच आहे.” सुपरवायझर रोज तिथूनच जायचा. मला त्या दिवशी राग आला आणि मी तो त्याच्यापासून लपवला नाही. कुणीतरी त्याच्या बाजूने रागावण्याची गरजच होती.

तो ईएसआयमध्ये, म्हणजे कामगारांच्या सरकारी विमा योजनेत होता. १९४८च्या त्या कायद्याप्रमाणे, मालकाचं काम करताना कामगाराने नियम मोडला तरी इजा कामावरचीच धरली जात होती. घरी बसलेल्या दिवसांचे पगाराच्या ९० टक्के दराने पैसे त्याला मिळाले होते, पण कायमच्या अपंगत्वासाठी त्याने अर्जच केला नव्हता. एका हाताची दोन बोटं गेली तर कमाईची क्षमता २० टक्के कमी झाली असं त्या कायद्याच्या परिशिष्टात धरलेलं होतं. त्याच्या १५,००० पगारावर, ९० टक्क्यांचे २० टक्के, हिशेब साधारण २,७०० रुपये महिना, तोही आयुष्यभर, नोकरी चालू असली तरी. त्याला वाटत होतं, हे घेतलं की काम जाणार. आणि ही मेहेरबानी कसली? दर महिन्याला त्याच्याही पगारातून विम्याचे पैसे कापले जात होतेच ना!

अर्जापेक्षा त्याला भीती होती ती मेडिकल बोर्डापुढे, म्हणजे अपंगत्व किती ते ठरवणाऱ्या डॉक्टरांपुढे, हात उघडा ठेवण्याची. मग आम्ही सवय केली. आधी माझ्यासमोर, मग आईसमोर. बायकोसमोर जास्त वेळ लागला. शेवटी चार वर्षांच्या मुलीसमोर. तिने बोटं मोजली, “तीन” म्हणाली आणि खेळायला पळाली.

आता तो त्याच कारखान्यात माल तपासायला बसतो. प्रेसच्या शेडकडे अजून जात नाही. जा, असं मी त्याला म्हटलेलं नाही.