सोबत येणाऱ्याची फाईल कोण काढणार?

कॅन्सरविषयी या सदराकडे येणारी पत्रे बहुतेकदा रुग्णांची नसतात, ती त्यांच्या घरच्यांची असतात, आणि पत्राच्या शेवटी कुठेतरी, संकोचत, स्वतःविषयी एखादी ओळ लिहिलेली असते. या वेळी अशी तीन पत्रे घेतली आहेत. पहिल्या पत्राला जास्त जागा दिली आहे, कारण तो प्रश्न अनेक घरांत आहे आणि विचारला मात्र फारसा जात नाही.

प्रश्न : माझ्या पतींना तंबाखूमुळे तोंडाचा कॅन्सर झाला. ऑपरेशन करून जबड्याचा काही भाग काढला. आता शेक (रेडिएशन) चालू असून ३० पैकी २२ झाले आहेत. नाकात नळी असल्याने पेज, दूध, गाळलेली आंबील असेच द्यावे लागते. घरात फोडणी दिली की ते तोंड फिरवतात, म्हणून मी ओट्याशी उभी राहून, पाठ वळवून कसेबसे दोन घास खाते. परवा त्यांनी पाण्याची वाटी भिरकावली आणि मी त्यांना नको ते बोलून गेले. तेव्हापासून मनाला फार लागले आहे. माझी रक्तदाबाची गोळीही महिनाभर राहिली आहे. येणारे-जाणारे 'धीर धरा' म्हणतात. तो कसा धरायचा? (एक पत्नी, सोलापूर जिल्हा)

उत्तर : ताई, महिनोन्महिने दर दोन-तीन तासांनी सिरिंज भरून नळीतून पेज देणारे, मधल्या वेळात नळी धुणारे आणि रात्री खोकल्याच्या आवाजाने उठून बसणारे माणूस एखाद्या संध्याकाळी तोंडाने फटकळ झाले, तर त्यात नवल ते काय? त्या बोलण्याबद्दल त्यांची माफी मागावीशी वाटत असेल तर मागा आणि तो विषय तिथेच सोडा.

त्यांच्या रागाकडे मात्र जरा वेगळ्या नजरेने पाहावे लागेल. तोंडाच्या शेकात पहिले दोन आठवडे बरे जातात, नंतर आतली कातडी सोलवटते, आणि तुम्ही लिहिले आहे त्या टप्प्यावर, म्हणजे विसाव्या शेकाच्या पुढे, दुखणे सर्वांत जास्त असते. शेवटचा शेक झाल्यानंतरही साधारण दोन आठवडे हे असेच चालते आणि मग जखमा हळूहळू भरू लागतात. ज्याला बोलता येत नाही त्याचे दुखणे पुष्कळदा रागाच्या रूपाने बाहेर पडते. त्यांना रोज एकदा विचारा, 'शून्य ते दहापैकी किती दुखते आहे?', बोटांनी दाखवू द्या आणि तो आकडा कॅलेंडरवर लिहून पुढच्या तपासणीला डॉक्टरांसमोर ठेवा. 'फार दुखते हो' या वाक्यापेक्षा तो आकडा अधिक उपयोगी पडतो. मॉर्फिनचे नाव निघाले तर घाबरू नका. मॉर्फिन म्हणजे आता शेवट जवळ आला, ही समजूत चुकीची आहे. उपचार चालू असतानाही ते वेदनेसाठी देतात आणि वेदना ओसरली की डॉक्टर मात्रा कमी करत नेतात. नळीतून कोणतीही गोळी कुटून देण्याआधी मात्र विचारून घ्या, कारण काही गोळ्या कुटल्या की सगळे औषध एकदम अंगात जाते आणि ते धोक्याचे ठरते.

आता तुमच्या जेवणाविषयी. रुग्णालयात समुपदेशन करताना मला एक निवृत्त शिक्षक भेटले होते, त्यांनाही अशीच नळी होती. त्यांची पत्नीही जेवण लपवीत असे. एक दिवस त्यांनी पाटीवर लिहिले, 'लपून जेवू नका, कडक भाकरी मोडल्याचा आवाज येतोच.' दोघेही हसले, आणि त्या दिवसापासून त्यांच्या नळीची वेळ आणि बाईंच्या जेवणाची वेळ एकच ठरली. प्रत्येकाला हे जमेल असे नाही. काहींना अन्नाचा वास खरोखरच सोसत नाही. पण तुमच्या पतींना काय हवे आहे, हे तुम्ही अजून त्यांना विचारलेले दिसत नाही. पाटी द्या आणि विचारा. त्यांनी नको म्हटले तर शेजारच्या घरी जाऊन, पण बसून, पूर्ण जेवा.

रुग्णालयात रुग्णाची फाईल निघते. सोबत येणाऱ्याची कोणी काढत नाही. म्हणून ती तुम्हीच काढायची. रक्तदाबाची गोळी परस्पर सुरू न करता या आठवड्यात जवळच्या दवाखान्यात रक्तदाब मोजून घ्या; महिनाभराचा खंड पडला आहे हे डॉक्टरांना सांगणे आवश्यक आहे. 'काही लागले तर सांगा' असे म्हणणाऱ्या नातेवाइकांना खरोखरच सांगा, आणि नेमके सांगा: दिराने मंगळवारी आणि शुक्रवारी रात्री सोबतीला झोपायचे, पुतण्याने शेकाला घेऊन जायचे. 'धीर धरा' म्हणणाऱ्याला काम दिले की तो एकतर कामाला लागतो किंवा पुन्हा धीर धरायला सांगत नाही. दोन्हींत तुमचा फायदाच आहे.

मनावरचा ताण मोजण्यासाठी कॅन्सर रुग्णालयांत एक साधी पट्टी वापरतात. तिच्यावर शून्य म्हणजे ताण नाही आणि दहा म्हणजे असह्य. गेल्या आठवड्याचा विचार करून एका आकड्यावर बोट ठेवायचे. चार किंवा त्याहून अधिक आकडा आला तर कोणाशी तरी सविस्तर बोलण्याची गरज आहे असे समजतात. ही पट्टी रुग्णासाठी तयार झाली, पण तुम्हीही तिच्यावर बोट ठेवून पाहायला हरकत नाही. रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवा विभाग असेल तर तिथले समाजसेवक घरच्यांशीही बोलतात. रात्री-अपरात्री मन फारच घायकुतीला आले तर १४४१६ हा केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा क्रमांक आहे; ती सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली, मोफत आणि चोवीस तास आहे, आणि मराठीत बोलता येते. सलग दोन आठवडे झोप लागत नसेल, कशातच मन रमत नसेल, किंवा जगणे नकोसे वाटू लागले, तर मात्र वाट न पाहता मानसोपचारतज्ज्ञांना भेटा.

प्रश्न : आईला स्तनाचा कॅन्सर आहे, पण वडील आणि काका यांनी तिला फक्त 'गाठ' असे सांगितले आहे. पुढच्या आठवड्यात केमो सुरू होईल. खरे कळले तर ती खचेल, असे वडिलांना वाटते. मला हे पटत नाही. (एक मुलगा, पुणे)

उत्तर : वडिलांचा हेतू प्रेमाचाच आहे, पण ही लपवाछपवी फार दिवस टिकणार नाही. रुग्णालयाच्या दारावरच कॅन्सर हा शब्द लिहिलेला असतो, ओपीडीत शेजारी बसलेली बाई 'तुमची कितवी सायकल?' (म्हणजे केमोची कितवी फेरी) असे विचारते, आणि स्तनाच्या कॅन्सरच्या बऱ्याच औषधांनी पहिल्या केमोनंतर दोन-तीन आठवड्यांत केस गळू लागतात. आईला बहुधा आधीच अंदाज आला असेल आणि तुम्ही दुःखी होऊ नये म्हणून तीही गप्प असेल. एकाच घरात दोघांनी एकमेकांपासून तीच गोष्ट लपवायची, यात दोघेही एकटे पडतात.

म्हणून सांगण्याऐवजी विचारून सुरुवात करा: 'आई, हे कशासाठी चालले आहे असे तुला वाटते?' ती जेवढे विचारेल तेवढेच, पण खरे सांगा. 'मला काही ऐकायचे नाही, तुम्हीच बघा' असे ती म्हणाली तर तोही तिचा अधिकार आहे. वडिलांना हे अवघड वाटत असेल तर डॉक्टरांना त्यांच्या देखत बोलायला सांगा. शिवाय संमतीचा प्रश्न आहे. शुद्धीवर असलेल्या, समजत्या प्रौढ रुग्णाच्या उपचारांची संमती त्या रुग्णाचीच लागते. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका खटल्यात, तातडीची निकड नसताना सज्ञान मुलीच्या वतीने आईने दिलेली संमतीसुद्धा ग्राह्य धरली नव्हती. मग आईच्या वतीने काकांची सही कशी चालावी?

केसांचे तिला आधीच सांगा, आणि उपचार संपल्यावर ते सहसा पुन्हा येतात हेही सांगा. काही बायका गळण्याची वाट न पाहता आधीच केस बारीक कापून घेतात; उशीवर केसांचे झुबके पाहण्यापेक्षा ते बरे, असे त्या म्हणतात.

प्रश्न : भावाला मुंबईला टाटा रुग्णालयात न्यायचे आहे. राहण्याची सोय आणि प्रवासखर्च यांचे काय करावे? (एक वाचक, नांदेड)

उत्तर : परळला पोहोचल्यावर केसपेपर निघाला की रुग्णालयातील वैद्यकीय समाजसेवा विभागात जा, आर्थिक मदत आणि निवास या दोन्हींची माहिती तिथे मिळते. परळमध्येच नाना पालकर स्मृती समितीचे रुग्णसेवा सदन आहे आणि दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. लहान मूल आजारी असेल तर सेंट ज्यूड संस्था कुटुंबासह राहण्याची सोय करते. अशा ठिकाणी जागा मर्यादित आणि मागणी मोठी असते, तेव्हा रुग्णालयाची कागदपत्रे जवळ ठेवा आणि पहिल्या एक-दोन रात्रींसाठी वेगळी व्यवस्था करूनच निघा. उपचारांची आखणी मुंबईत होऊन पुढची केमो गावाजवळ घेता येईल का, हेही डॉक्टरांना जरूर विचारा. बऱ्याच वेळा ते शक्य असते आणि भाड्याच्या खोलीतले महिने वाचतात.

उपचारांसाठी जाणाऱ्या कॅन्सर रुग्णाला रेल्वेत स्लीपर आणि थ्री-टियर एसीचे मूळ भाडे पूर्ण माफ आहे, आणि सोबतच्या एका व्यक्तीला ७५ टक्के सवलत आहे. त्यासाठी रेल्वेच्या ठरलेल्या नमुन्यात रुग्णालयाचे प्रमाणपत्र लागते, म्हणून परतीच्या तिकिटाआधी ते भरून घ्या. सामानात एक थर्मामीटर ठेवा. केमोनंतर ताप १००.४ फॅरनहाइटवर गेला तर घरी पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट पाहू नका. त्याच वेळी, रात्र असली तरी, रुग्णालय गाठा.