ह्यूस्टनला येणाऱ्या प्राजक्तासाठी

प्राजक्ता, तू विचारलंस, "ताई, हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रात्रपाळी आहे, एकटीच राहणार. पर्समध्ये पिस्तूल ठेवू का?" उत्तर दोन ओळींचं आहे. पण तुझा प्रश्न वाचल्यापासून मला चैन नाही, म्हणून लांबण लावतेय.

तू एच-वन-बीवर, म्हणजे नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर येणार. त्या व्हिसावर केंद्रीय कायद्यानं बंदूकच काय, गोळीही जवळ बाळगता येत नाही. टेक्ससमध्ये सप्टेंबर २०२१ पासून एकविशी ओलांडलेल्यांना परवान्याशिवाय पिस्तूल झाकून बाळगता येतं, हे तुला कुणीतरी सांगेलच. ते तुझ्यासाठी नाही. "शिकारीचं लायसन काढ, मग चालतं," असंही सांगतील. कायद्यात तशी सवलत आहे, पण तिच्या भरवशावर व्हिसा पणाला लावू नकोस.

माझं ग्रीन कार्ड यायला बारा वर्षं लागली. बोटांचे ठसे दिले, ते शिळे झाले, पुन्हा दिले. एकदा पत्र जुन्या पत्त्यावर गेलं, तारीख हुकली, आणि चूक आमचीच ठरली. तो राग अजून उतरलेला नाही. कार्ड हातात आलं, व्हिसाची ती बंदी सुटली, आणि दुसऱ्याच महिन्यात मी पिस्तूल घेतलं. हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये रात्री एक माणूस मागे मागे आला होता, म्हणून घेतलं असं मी सगळ्यांना सांगते. ते खरंच आहे. पण 'आता मला कोण अडवतंय' हा हट्टही त्यात होता, हे आज पहिल्यांदा लिहितेय.

परवाना सक्तीचा नव्हता, तरी काढला. वर्ग झाला, मग तीन, सात आणि पंधरा यार्डांवरून पन्नास गोळ्या. नेम बरा निघाला. अवघड होतं ते पुढचं. पर्समध्ये किल्ल्यांबरोबर सुटं ठेवायचं नाही, ट्रिगर होल्स्टरनं, म्हणजे पिस्तुलाच्या म्यानानं, पूर्ण झाकलेला हवा. पर्स कुठेही टेकवून उठायचं नाही. गाडीत सोडायचं नाही, चोर काचा फोडतात. आमच्या मंदिराच्या दारावर इंग्रजी आणि स्पॅनिशमध्ये मनाईची पाटी आहे, म्हणजे आरतीला जाताना ते घरी कुलपात. आणि हॉस्पिटलात तर नेताच येत नाही. ज्या पार्किंगच्या भीतीनं घेतलं, तिथं लिफ्टपासून गाडीपर्यंत मी रिकाम्या हातानंच चालत होते. तू सरळ सिक्युरिटीला फोन कर, गाडीपर्यंत सोडायला येतात. मला ते विचारायची लाज वाटायची.

एकटेपणाचं विचारलंस. सहा महिन्यांत सवय होते. मंडळाच्या गणपतीला ये.

खरी गोष्ट मुलाची आहे. २०२२च्या मे महिन्यात टेक्ससमधल्याच युवाल्डी गावच्या शाळेत गोळीबार होऊन एकोणीस मुलं आणि दोन शिक्षिका मारल्या गेल्या, तेव्हा आर्यन पहिलीत होता. बंदूकधारी शिरला तर काय करायचं, याचा त्याच्या शाळेत सराव झाला: दिवे बंद, दार लावलेलं, सगळी मुलं कोपऱ्यात गप्प. आर्यनला शिंक आली. बाई सगळ्यांसमोर ओरडल्या, "तुझ्यामुळे सगळे सापडले असते." सहा वर्षांच्या पोराला! मी शाळेला लिहिलं, छापील उत्तर आलं. पुढे कित्येक दिवस तो शिंक आली की उशीत तोंड खुपसायचा.

त्याच वर्षी त्याच्या वर्गातल्या एका मुलीची आई, मुलीला आमच्याकडे खेळायला पाठवण्याआधी म्हणाली, "घरात बंदूक आहे का?" इथं विचारतात असं, आणि विचारावंच. मी "नाही" म्हणाले. मुलगी आली, दोघं दुपारभर खेळली, पर्स जेवणाच्या खुर्चीवर लटकलेली. रात्री पांघरूण घालताना आर्यन म्हणाला, "आई, तू खोटं बोललीस. मागच्या चेनमध्ये आहे ना?"

मी त्याला कधीच दाखवलं नव्हतं. त्याला कप्पासुद्धा माहीत होता.

दुसऱ्या दिवशी बोटाच्या ठशानं उघडणारी तिजोरी आणली. पिस्तूल अजून तिच्यात आहे, विकलेलं नाही. आर्यन आता पाचवीत आहे. ती मुलगी त्याच्याच वर्गात असते. शाळा सुटताना तिच्या आईची गाडी रोज माझ्या पुढे दोन-तीन गाड्यांवर उभी असते, आणि मी अजून उतरून तिच्याकडे गेलेली नाही.