कीड नसेपर्यंत पोचलेली नाही, मग दाढ एवढी का ठणकते?

तुम्ही लिहिलंय की एक्स-रेमध्ये कीड नसेपासून थोडी लांब दिसते, डॉक्टर म्हणाले जंतू अजून आत गेलेले नाहीत, आणि तरी तीन रात्री झोप नाही. मी दातांचा डॉक्टर आहे, सतरा वर्षं प्रॅक्टिस करतो. तुमचे डॉक्टरही बरोबर आहेत आणि तुमचं दुखणंही खरं आहे. जंतू पोचलेले नसले तरी त्यांचं विष पोचलेलं असतं.

दाताच्या वरच्या इनॅमलला संवेदनाच नसते. स्ट्रेप्टोकोकस म्युटन्ससारखे जंतू साखरेचं आम्ल करतात, त्या जागेचा पीएच साधारण 5.5 च्या खाली गेला की इनॅमल विरघळायला लागतं, आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. दुखणं सुरू होतं त्याखालच्या डेंटिनपासून. डेंटिन दिसायला टणक, पण ते अतिसूक्ष्म नळ्यांनी भरलेलं असतं. एका चौरस मिलिमीटरमध्ये हजारो नळ्या, आणि त्यांची आतली तोंडं थेट पल्पकडे, म्हणजे आपण जिला नस म्हणतो तिच्याकडे उघडतात. जंतूला या नळ्यांतून पुढे सरकायला वेळ लागतो. पण त्याच्या भिंतीतून सुटलेले रेणू नळीतल्या द्रवातून त्याच्या कितीतरी पुढे झिरपतात. म्युटन्सच्या जातकुळीतल्या जंतूंचं लायपोटायकॉइक आम्ल, आणि कीड खोल गेल्यावर तिथे वाढणाऱ्या दुसऱ्या जंतूंचं लायपोपॉलिसॅकराइड, ज्याला एंडोटॉक्सिन म्हणतात.

हे रेणू ओळखणारे रिसेप्टर पल्पच्या कडेच्या पेशींवर असतात. त्या लगेच संरक्षक पेशींना बोलावतात आणि सूज येते. हाताला सूज आली तर कातडी ताणते, जागा होते. दातात चारही बाजूंनी टणक भिंती! सूज पसरायला वाव नाही, आत दाब वाढतो, म्हणून नाडीच्या ठोक्याबरोबर ठणका. आडवं झालं की डोक्याकडे रक्ताचा दाब वाढतो, म्हणून रात्रीच जास्त. शिवाय एंडोटॉक्सिन दाताच्या मज्जातंतूंनाही थेट हुळहुळं करतं. मिरचीचा झोंबरेपणा आणि चटका आपल्याला ज्या रिसेप्टरमुळे कळतो, तोच त्याने जास्त संवेदनशील होतो. कोमट चहानेही कळ येते ती यामुळे.

1965 साली अमेरिकेत झालेला एक प्रयोग मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो. जन्मापासून पूर्ण जंतुविरहित ठेवलेल्या उंदरांच्या दाढांना पल्पपर्यंत भोक पाडलं. त्यात अन्न अडकत राहिलं, तरीही पल्प जगला आणि त्यावर नवं डेंटिन तयार झालं. साध्या उंदरांच्या दाढांमध्ये मात्र पल्प मेला, पू झाला. नुसत्या भोकाने नस मरत नाही, जंतूंमुळे मरते.

मेडिकलमधून स्वतःच्या मनाने अँटिबायोटिक आणू नका. जिवंत, सुजलेल्या पल्पचा ठणका त्याने थांबत नाही. अ‍ॅस्पिरिनसारखी दुखण्याची गोळी हिरडीवर दाबून ठेवू नका, हिरडी भाजते. मिश्रीही नको, खेडोपाडी बायका दाढदुखीवर ती लावतात, मग तंबाखूची सवय राहते आणि कीड तशीच वाढते. लवंगेच्या तेलाने एखादी रात्र निभावते, तेवढंच. आणि ठणका एकदम थांबला तर मुळीच निर्धास्त होऊ नका. बहुतेक वेळा त्याचा अर्थ नस मेली एवढाच असतो, पुढे मुळाच्या टोकाशी पू धरतो.

डॉक्टरांकडे परत जाण्याआधी एक करा. गार पाण्याचा घोट घ्या आणि कळ किती वेळ टिकते ते घड्याळावर बघा. दोन-चार सेकंदांत गेली, तर कीड काढून फिलिंग केल्यावर नस बहुधा वाचते. अर्धा मिनिट रेंगाळली, किंवा काही न लागताच ठणकत असेल, तर रूट कॅनलची तयारी ठेवा. तुमच्या रात्रींवरून मला दुसरी शक्यता जास्त वाटते, म्हणून पुढच्या आठवड्याची नको, उद्याचीच वेळ मागा आणि सेकंदांचा आकडा डॉक्टरांना सांगा.