कार्ड कापून टाकू का?

"मॅडम, क्रेडिट कार्ड कापूनच टाकलं तर खर्च आटोक्यात येईल ना?" हा प्रश्न मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकला आहे की, पुढचं वाक्य आता आधीच ओळखता येतं. "रोखीनं व्यवहार करायचो तेव्हा माझं असं नव्हतं हो." मी समुपदेशक, पैशांसाठी म्हणून माझ्याकडे कुणी येत नाही. झोप लागत नाही, घरात अबोला आहे, चिडचिड वाढली आहे, अशी कारणं घेऊन येतात. बिलाचा विषय दोन-तीन भेटींनंतर निघतो.

अशाच एका गृहस्थांबद्दल सांगते. ओळख पटेल असं सगळं बदललं आहे आणि बऱ्याच भेटींतलं बोलणं इथे थोडक्यात आलं आहे. वय चाळिशीचं, कामाच्या ठिकाणी दुसऱ्यांचे हिशेब तपासायचे. बिलाचा कागद समोर ठेवून म्हणाले, "आकडा बघा. आणि यातल्या निम्म्या नोंदी कशाच्या, ते मलाच आठवत नाही." पत्नीचं म्हणणं, यांना इच्छाशक्तीच नाही. त्यांनीही ते मान्य करून टाकलं होतं, आणि मला त्याचीच जास्त काळजी वाटली.

कार्ड बंद करून पाहिलं होतं का, असं मी विचारलं. पाहिलं होतं. दोन महिने कार्ड कपाटात आणि खिशात फक्त नोटा. खर्च उतरलाही. पण सुट्टे पैसे कुठे जायचे याचा पत्ता लागेना, कारण रोखीची कुठेच नोंद राहत नाही. तिसऱ्या महिन्यात "एवढा संयम पाळला, आता एक तरी हौस" म्हणून कार्ड बाहेर आलं आणि दोन महिन्यांची बचत एका दुपारी संपली.

पुढच्या भेटीत मी त्यांना एक साधी गोष्ट करायला सांगितली. रोखीनं केलेली एक खरेदी आणि कार्डानं केलेली एक, दोन्ही मला अगदी सावकाश सांगा. हातांनी काय काय केलं, तेवढंच.

"पाकीट काढलं. नोटा मोजल्या. एक चुकून जास्त गेली का म्हणून परत मोजल्या. हातात दिल्या. पाकीट हलकं झालेलं जाणवलं."

"आणि कार्डानं?"

"कार्ड टेकवलं. आवाज आला. पिशवी उचलली."

बोलता बोलता ते थांबले. मीही गप्प राहिले. अशा वेळी समुपदेशकाला काहीतरी शहाणपणाचं बोलायचा मोह होतो. तो आवरायला मला बरीच वर्षं लागली. बऱ्याच वेळानं ते म्हणाले, "मॅडम, यात मी दिलं कुठे? मी तर फक्त घेतलं." आणि थोड्या वेळानं, "बिलाच्या दिवशी उलटं. तेव्हा मी नुसतं देतो. हाती काहीच येत नाही."

त्या वाक्यानं माझ्याही विचाराला वळण दिलं. तोवर मी कार्डाकडे मोह म्हणून पाहत होते. खरी गोष्ट अशी की, कार्ड देणं आणि घेणं यांची ताटातूट करतं. महिनाभर नुसतं घेणं, मग एके दिवशी नुसतं देणं. त्या दिवशीचं दुःख कुठल्याही एका वस्तूला चिकटत नाही, म्हणून ते माणसाच्या स्वतःबद्दलच्या मताला चिकटतं. 'ही वस्तू महाग पडली' असं मनात येत नाही, 'मी बेजबाबदार आहे' असं येतं. स्वतःला असा दोष दिला की मनाला दिलासा हवा होतो, आणि यांचा दिलासा खरेदीत होता. घटनेपेक्षा घटनेवर आपण जो शिक्का मारतो तो जास्त छळतो, ही माझी जुनी धारणा. इथे तो शिक्का दर महिन्याला ठरल्या तारखेला बसत होता.

आकड्यांचा माणूस, त्यामुळे "हे फक्त माझंच का?" असं त्यांनी विचारलंच. नाही. अमेरिकेत एमआयटी या विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी 2001 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना बास्केटबॉलच्या सामन्याच्या तिकिटांवर बोली लावायला सांगितली. काहींना पैसे रोखीनं द्यायचे होते, काहींना कार्डानं. कार्डवाल्यांची बोली सरासरीनं सुमारे दुप्पट निघाली. 2021 मध्ये मेंदूच्या चित्रणावर आधारलेला अभ्यास आला. त्यात कार्डानं खरेदी करताना मेंदूतला बक्षिसाशी निगडित भाग जास्त चेतवलेला दिसला. म्हणजे देण्याचा सल कमी होतो एवढंच नाही, घेण्याची ओढही वाढते. मात्र 2024 मध्ये अशा अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा हा परिणाम खरा पण एकूणात लहान दिसला, आणि दिखाऊ खरेदीत तो जास्त होता. म्हणून सरसकट कार्डाला दोष देऊ नका, स्वतःचं बिल वाचा. बहुतेकांचा पैसा एक-दोन जागीच गळतो.

आम्ही कार्ड कापलं नाही, देणं परत घेण्याजवळ आणलं. कार्ड टेकवण्याआधी आकडा तोंडानं म्हणायचा आणि लगेच छोट्या वहीत हातानं लिहायचा. मोबाइलवरचा संदेश पुरत नाही, तो इतर संदेशांच्या गर्दीत विरून जातो. जिथे गळती आहे, तेवढ्याच प्रकारच्या खरेदीला रोख, ठरलेल्या देण्यांना कार्ड. ऑनलाइन खरेदीच्या जागी साठवून ठेवलेलं कार्ड काढून टाकायचं. दर वेळी सोळा आकडे टंकताना मन दोनदा विचार करतं. बिलाची वाट न पाहता आठवड्याच्या आठवड्याला कार्डाची रक्कम भरायची. माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त गुण याचाच येतो, कारण आठवड्यापूर्वीची वस्तू अजून डोळ्यांसमोर असते.

ज्यांची थकबाकी साचली आहे त्यांनी मात्र आधी कार्ड वापरणं थांबवावं. तिथे मानसशास्त्राच्या आधी गणित येतं. 'किमान देय रक्कम' भरली की विलंबशुल्क टळतं, उरलेल्या रकमेवर व्याज चालूच राहतं, आणि सहसा नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. कार्डावर रोकड काढली तर व्याज साधारणपणे पहिल्या दिवसापासूनच लागतं.

आणखी एक. झोपेची गरजच वाटेनाशी झाली, उत्साहाला उधाण आलं आणि खर्चाचं भान सुटलं असं एकदम घडलं, तर रोख की कार्ड हा प्रश्नच नाही. मनोविकारतज्ज्ञांना लगेच दाखवा. तो आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत.

या गृहस्थांच्या घरी मी दोघांनाही एक सवय सुचवली. 'किती उडवले?' हा प्रश्न बंद, रात्री वही एकत्र वाचायची. पत्नी सुरुवातीला नाखूष होत्या. लहान मुलासारखा अभ्यास तपासायचा का, म्हणाल्या. मी म्हटलं, तपासू नका, नुसतं ऐका.

शेवटच्या भेटीत ते आले ते हसतच. एका दुकानात सवयीनं आकडा मोठ्यानं म्हटला, विक्रेत्याला वाटलं विचारताहेत, त्यानं तो पुन्हा सांगितला. दोनदा कानावर पडल्यावर त्यांनी जाकीट खाली ठेवलं. रात्री वहीत तो आकडाही लिहिला, पुढे 'घेतलं नाही' असं. पत्नीनं वाचलं, थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "रंग कुठला होता हो?"