खेळाच्या मैदानासाठी आरक्षित भूखंडावर झोपु योजना मंजूर होऊ शकते का?

विकास आराखड्यात खेळाच्या मैदानासाठी आरक्षित, पण कित्येक वर्षांपासून झोपड्यांनी व्यापलेल्या भूखंडावर आता झोपडपट्टी पुनर्वसन (झोपु) योजना येत आहे आणि ती थांबवता येईल का, असे आपण विचारले आहे. भूखंड मुंबईतला आहे असे धरून लिहितो. योजना सरसकट थांबवणे आता अवघड आहे. मात्र मैदानाची जागा नेमकी कुठे सुटेल आणि ती कोणाच्या ताब्यात जाईल, यावर अजूनही भांडता येते, आणि आपली सारी शक्ती तिथेच लागावी असे मला वाटते.

मोकळ्या जागेसाठी आरक्षित, परंतु अतिक्रमित अशा 500 चौरस मीटरपेक्षा मोठ्या भूखंडांवर पुनर्वसनाला वाट 1992 मध्येच मिळाली. तेव्हा 33 टक्के जागा मोकळी सोडण्याची अट होती. विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली 2034 नुसार बांधकाम 65 टक्क्यांवर आणि मोकळी जागा 35 टक्के, असे प्रमाण आहे. या धोरणाला 2002 मध्ये ‘नगर’ या संस्थेने मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले होते. जून 2025 मध्ये न्यायालयाने ही तरतूद वैध ठरवली. निकालाला 23 वर्षे लागली. तेवढ्यात एक पिढी खेळायचे वय ओलांडून गेली.

आमच्या उपनगरात असाच सुमारे 4,000 चौरस मीटरचा भूखंड होता. मंजूर नकाशावर 1,400 चौरस मीटर हिरव्या रेघांनी भरलेले होते आणि बेरीज चोख होती, त्यामुळे आम्ही निर्धास्त राहिलो. इमारती उभ्या राहिल्यावर एका रविवारी शेजाऱ्यासोबत टेप घेऊन गेलो, तेव्हा कळले की ते ‘मैदान’ म्हणजे इमारतीभोवतीची पाच-सहा मीटरची पट्टी, वीज उपकेंद्रामागचा एक कोपरा आणि संरक्षक भिंतीलगतचा उतार. खेळपट्टी आखायची म्हटली तरी गोलंदाजाला धावायला जागा नाही. निघताना फाटकावरच्या रखवालदाराने विचारले, “सोसायटी के मेंबर हो क्या?”

त्यात आमचीही चूक होती. आम्ही इमारतीतले लोक सुरुवातीपासून झोपडीधारकांनाच प्रतिपक्ष समजत राहिलो. वास्तविक 300 चौरस फुटांच्या घरात राहायला जाणाऱ्या कुटुंबाला खालच्या मैदानाची गरज आमच्यापेक्षा जास्त असते, आणि नकाशा बदलून घेण्यासाठी त्यांच्या संस्थेचा ठराव आमच्या दहा अर्जांपेक्षा अधिक वजनदार ठरला असता. परिशिष्ट-2 मध्ये, म्हणजे झोपडीधारकांच्या पात्रतेच्या यादीत, कोण पात्र आणि कोण अपात्र, या वादात मात्र आपण पडू नका. त्याने मैदान एक इंचही वाढत नाही आणि माणसे कायमची दुखावतात.

प्रथम नगर भूमापन क्रमांक देऊन महापालिकेकडून डी.पी. रिमार्क (विकास आराखड्यातील नोंदीचा दाखला) घ्या, म्हणजे आरक्षणाचा प्रकार आणि क्षेत्र लेखी मिळेल. त्यानंतर माहिती अधिकारात आशयपत्र (योजनेच्या प्राथमिक मंजुरीचे पत्र) आणि मंजूर अभिन्यास (इमारती व मोकळ्या जागांच्या मांडणीचा नकाशा) मागवा. अभिन्यासात आरक्षणाचे 35 टक्के सलग एका तुकड्यात आहेत का, सार्वजनिक रस्त्यावरून थेट प्रवेश आहे का, आणि अग्निशमन गाडीचा मार्ग त्यातच मोजला आहे का, हे पट्टी लावून पाहा. इमारतीच्या आवारातील मोकळी जागा आणि आरक्षणाची जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नकाशावर त्या वेगळ्या दाखवल्या आहेत का, हे लेखी विचारा. पोडियमवर, म्हणजे खालच्या मजल्यांच्या छतावर, बाग करून देतो, असे कोणी म्हणाले तर आवारातील किमान मनोरंजन मोकळी जागा जमिनीवरच हवी, असे सांगणारा सर्वोच्च न्यायालयाचा 2013 चा निकाल आहे. तो आरक्षणाविषयी नाही, तरी युक्तिवादाला उपयोगी पडतो.

हे सारे बांधकाम सुरू होण्यापूर्वी करा, कारण खांब उभे राहिल्यावर जागा सरकत नाही. विकासकाच्या विक्रीच्या इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र देण्याआधी मैदान महापालिकेच्या ताब्यात गेले पाहिजे, ही अट लेखी घालण्याची मागणी झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाकडे करा, आणि पुढे ताबा पावती व महापालिकेचे नाव लागलेली मिळकत पत्रिका, या दोन्हींची प्रत मिळेपर्यंत पाठपुरावा सोडू नका. आमच्याकडे यातला एकही कागद नाही, आणि तो रखवालदार अजून फाटकावर बसलेला असतो.